खात्यातून परस्पर पैसे कापले गेले तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल किती कामाचा?

जिमची मेंबरशिप केव्हाच बंद केली, तरी पाच तारखेला पासबुकात ‘एसीएच डी’ची, म्हणजे खात्यातून आपोआप झालेल्या कपातीची, ओळ उमटतेच. शाखेत विचारलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, "कंपनीशी बोला." हे उत्तर अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी लोकपाल आहे. फी नाही, वकील नाही (वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे चालतच नाही), फोर्टला खेटे घालणं नाही. सगळं रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर होतं आणि अडलंच तर 14448 या हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

सेवा चांगली आहे, पण तिचा दांडका बँकेवर चालतो, जिमवर नाही. त्यामुळे "कंपनीने फसवलं" एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. बँकेने कोणता नियम मोडला, ते नेमकं लिहावं लागतं.

पहिला कागद शाखेतच तयार होतो. पासबुकातल्या किंवा स्टेटमेंटमधल्या नोंदीची तारीख, रक्कम आणि मॅन्डेटचा (पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानगीचा) यूएमआरएन हा ओळख-क्रमांक लिहून तीन गोष्टी मागा: मॅन्डेटची प्रत, मॅन्डेट रद्द करणं आणि कापलेले पैसे परत. रद्द करण्याचा अर्ज दिला म्हणजे परताव्याचा अर्ज झाला, असं बँक मानत नाही. इथेच बरेच जण फसतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. "साहेब जेवायला गेलेत" म्हटलं तर थांबा किंवा तोच मजकूर बँकेच्या तक्रार-ईमेलवर पाठवा.

पुढची वाट मॅन्डेटवर ठरते. तुम्ही बँकेकडे तो लेखी रद्द केला होता आणि तरीही पैसे कापले गेले, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार जबाबदारी तुमच्या बँकेची, आणि निवारण पुढच्या एका दिवसात व्हायला हवं. लोकपालाकडे नेण्यासारखी याहून भक्कम केस नाही. फक्त कंपनीला कळवून बँकेला कळवलं नसेल, तर मात्र हाच मुद्दा लंगडा पडतो.

मॅन्डेट तुम्ही दिलाच नव्हता, तर रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातला नियम काढा. चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही अशा व्यवहारात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर शून्य भार. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपये. कळवल्यापासून 10 कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी, निकाल 90 दिवसांत. चूक ग्राहकाचीच आहे, हे सिद्ध करणं बँकेचं काम. ओटीपी गेला, लिंक उघडली असा प्रकार असेल तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, बाकी नंतर.

पोर्टलवर गाडी अडते ती एका प्रश्नावर: बँकेकडे लेखी तक्रार केली होती का, कधी? तीस दिवस झाले नसतील आणि बँकेचं उत्तरही आलं नसेल, तर तक्रार बंद होते. घाई करून महिना वाया घालवण्यात अर्थ नाही. मागणीच्या रकान्यात "न्याय मिळावा" नको, आकडा हवा: इतके हप्ते, इतके रुपये, बाउन्सचा दंड लागला असेल तर तोही. खात्यात शिल्लक नसताना कंपनी तीच रक्कम पुन्हा पुन्हा पाठवते आणि बँक दर खेपेला दंड लावते, तेव्हा मूळ हप्त्याहून दंडच मोठा होऊन बसतो.

पैसे कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने कापले असतील तर बहुतेक मोठ्या संस्थांविरुद्धही लोकपालाकडे जाता येतं. मात्र हप्ता खरोखर देणं असेल तर मॅन्डेट बंद करून सुटका नाही; सिबिल बिघडतो तो वेगळाच.

जिम, क्लास, अ‍ॅप यांच्याकडून वसूल करायचं तर ग्राहक आयोग. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, किरकोळ रकमा कधीकधी तिथेच सुटतात. मग ई-जागृती या आयोगाच्या पोर्टलवर दावा टाका: मुंबईत उपनगरवाल्यांना वांद्रे पूर्व, शहरवाल्यांना परळ. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी तुम्ही राहता तिथेच दावा चालतो. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. तारखांवर तारखा पडतात, ही इथली खरी खोट. आणि एकाच कारणासाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका; आयोगात दावा चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही.

खातं पतसंस्थेत असेल तर यातला लोकपाल विसरा. तिथे उपनिबंधक, सहकारी संस्था.