तो पाव सेकंद: धनुष्यबाणाच्या शिकारीच्या फिल्म्स, आठ महिन्यांच्या वर्गणीनंतर

नवतप्यात आमच्या टीव्हीचा आवाज गेला. चित्र ठणठणीत, आवाज शून्य. दुरुस्तीवाल्या पोराने मागचं झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "काकाजी, दोन्ही स्पीकर गेले. सव्वीसशे लागतील." सात वर्षं जुन्या टीव्हीवर २,६०० रुपये घालायची माझी तयारी नव्हती. तसाही मे महिन्यात हॉलमधला कूलर सुरू असला की टीव्हीचा निम्मा आवाज कूलरच खातो. पुतण्याच्या खणातून तारेचे जुने हेडफोन काढले, तार खुर्चीपर्यंत पुरेना म्हणून ८० रुपयांची जोडतार आणली आणि त्या रात्री फिल्म लावली. जानेवारीत मी धनुष्यशिकारीच्या फिल्म्स दाखवणाऱ्या या ॲपच्या वर्गणीला चार तारे देऊन जे लिहिलं होतं, त्यातलं बरंचसं मला आता मागे घ्यायचं आहे.

ॲप कसं चालतं, किती फिल्म्स आहेत, डाउनलोड होतात की नाही, हे वर्गणीदारांना माहीत आहे. त्यात जात नाही. दिवाळीच्या सवलतीत वर्षाचे २,९९९ भरले. आजवर ६१ फिल्म्स पाहिल्या, वहीत नोंद आहे. म्हणजे एका फिल्मला ४९ रुपये पडले. पैशाच्या हिशेबाने वाईट नाही.

मी शिकारी नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी, असं माझं ठाम मत आहे. या फिल्म्सकडे मी आलो ते धनुष्यामुळे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंडचं, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचं, जागतिक विजेतेपद घेतलं, अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण. ते पाहून माझ्या पुतण्याने हट्ट धरला. तेव्हापासून त्याला मैदानावर नेणं-आणणं माझ्याकडे आहे. पन्नास मीटरवर ऐंशी सेंटिमीटरचं लक्ष्य, आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीत मी. दोन वर्षं कंपाउंडचा तो आवाज ऐकून ऐकून कानात बसला आहे. पुढे जे झालं त्याचं मूळ यातच आहे.

पहिले चार-पाच महिने मला आवडल्या त्या भरभर सरकणाऱ्या फिल्म्स. बारा-पंधरा मिनिटं, डोंगरावरून ड्रोन, ताल धरलेलं संगीत, झाडावरच्या मचाणावर माणूस, खाली पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा नर, बाण सुटला, बाणाच्या मागच्या टोकाचा दिवा अंधारात हिरवा चमकला, मग तेच दृश्य संथ गतीने तीनदा. मला वाटलं, हीच मजा. जुन्या पद्धतीच्या लाकडी धनुष्याच्या फिल्म्स लावल्या की पाचव्या मिनिटाला मी बदलत असे. माणूस चाळीस मिनिटं गवतातून सरकतोय, यात पाहायचं काय?

हेडफोन लावल्यावर पहिल्या रात्री लागली ती नेमकी संगीत नसलेली फिल्म. सप्टेंबरचा महिना, रॉकी पर्वत, एल्कच्या माजाचे दिवस. एल्क म्हणजे सांबराच्या जातकुळीतलं, पण जास्त थोराड जनावर. एवढ्या देहातून एखादी घनगंभीर हाक यावी अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात आवाज खालून सुरू होतो, चढत चढत शिटीसारखा बारीक होतो आणि शेवटी घशातल्या गुरगुरीत विरतो. स्पीकरवर तो मी कितीदा तरी ऐकला असेन, पण कूलरच्या घरघरीत त्याचा मधला चढ तेवढा कळत होता. हेडफोनवर तो डावीकडून आला, मग त्याला उजवीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं आणि दोघांच्या मध्ये माणसाचा श्वास. मग स्ट्रिंगचा, म्हणजे धनुष्याच्या दोरीचा, "टक्". मग काहीच नाही. मग लांबून एक बसका "धप्".

त्या "काहीच नाही"साठी मी ती जागा अकरा वेळा मागे घेऊन ऐकली.

हिशेब मांडतो, कारण सगळं त्यात आहे. शिकारीच्या कंपाउंडचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर जातो, आवाज साधारण ३४० मीटर. जनावर २७ मीटरवर असेल तर स्ट्रिंगचा आवाज त्याच्या कानात ०.०८ सेकंदात पोचतो आणि बाणाला ०.३२ सेकंद लागतात. मधला जवळजवळ पाव सेकंद जनावराचा. हरीण त्यात काय करतं? उडी मारण्याआधी पाय दुमडतं आणि छाती खाली जाते. बाण पाठीवरून निघून जातो. अनुभवी धनुर्धारी म्हणूनच सावध हरणावर नेम थोडा खाली धरतो, आणि लांबचा बाण सोडतच नाही. शिकारीचा सगळा न्याय त्या पाव सेकंदात होतो. जनावराला मिळालेली तेवढीच संधी. प्रेक्षक म्हणून तो पाव सेकंद मला ऐकू आला पाहिजे, बाकी कॅमेरा महागाचा की स्वस्ताचा, मला फरक पडत नाही.

आणि माझ्या आधीच्या आवडत्या फिल्म्समध्ये? बाण सुटायच्या आधीपासून ढोल. स्ट्रिंगचा आवाज बुडालेला. बाण लागला की एक मोठा, गोल, भरीव "धाड". तो मला ओळखीचा वाटला. वही काढून एकाच मंडळींच्या तीन फिल्म्स पुन्हा लावल्या. पंधरा मीटरवर तोच "धाड", चाळीस मीटरवर तोच, आणि जिथे बाण जनावराच्या खालून जमिनीत गेला तिथेही तोच.

पुतण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मोठेबाबा, हे मोजता येते." रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मैदानावर त्याच्या पाठीमागे स्टँडवर मोबाईल लावला. सेकंदाला तीस फ्रेम. बाण पन्नास मीटरवर लक्ष्यात घुसताना दिसतो आणि त्याचा आवाज चार फ्रेम उशिरा येतो. सहा बाण सोडले, पाच वेळा चार, एकदा पाचच्या जवळ. गणितही तेच सांगतं. ५० मीटरला ०.१५ सेकंद. मग त्या फिल्ममधला चाळीस मीटरचा प्रसंग घेतला, कॅमेरा शिकाऱ्याच्या मागेच होता. आवाज किमान तीन फ्रेम उशिरा यायला हवा. एका फ्रेमचाही उशीर नव्हता. चित्र आणि "धाड" एकदम. आवाज नंतर चिकटवलेला आहे, याबद्दल आमच्या दोघांच्याही मनात शंका उरली नाही.

मला याचा मनापासून राग आला. खोट्या आवाजाला कमी पैसे घेत नाहीत, वर्गणी तेवढीच आहे. मी ॲपवाल्यांना सविस्तर लिहिलं, फ्रेमचे आकडे दिले आणि दोनच गोष्टी मागितल्या: संगीत बंद करायचा पर्याय द्या, तो जमत नसेल तर मूळ आवाजाच्या फिल्म्सवर निदान खूण करा. पहिलं उत्तर आलं, ॲप काढून पुन्हा टाका. दुसरं, टीव्ही बंद करून दहा मिनिटांनी सुरू करा. तिसऱ्यांदा लिहिलं तर तक्रार सोडवली म्हणून बंद करून टाकली. काय सोडवलं? एकाही माणसाने माझा मजकूर वाचला नसावा. एक तारा मी इथेच कापला.

मग मी वही घेऊन उलट दिशेने निघालो. जानेवारीत कंटाळवाण्या म्हणून सोडलेल्या फिल्म्स एकेक करून हेडफोनवर पाहिल्या, आणि माझं मत फिरलं.

कंपाउंड धनुष्य तसं अलीकडचं आहे. अमेरिकेतल्या हॉलेस विल्बर ॲलनला त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. त्यातल्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढली की भार उतरतो, कधी कधी ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ६० पाउंडांचं धनुष्य माणूस शेवटी १२ पाउंडांवर धरून उभा असतो. जनावर झुडपामागे अडलं तर तो मिनिटभर थांबू शकतो, आणि त्या मिनिटात फिल्म आपल्याला धरून ठेवते. साध्या लाकडी धनुष्यात ती सोय नाही. पूर्ण ओढलं की पूर्ण भार, तो दोन-तीन सेकंदांपलीकडे पेलत नाही. म्हणून तिथला ताण ओढल्यानंतर नसतो, त्याच्या आधीच्या चाळीस मिनिटांत असतो. गवतातून सरकणं म्हणजे वेळ काढणं नव्हे, तीच शिकार आहे, हे मला आधी कळलं नव्हतं.

लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास जातो. माणूस १८ मीटरवर पोचला तरी बाणाला ०.३३ सेकंद लागतात आणि आवाजाला ०.०५. जनावराला मिळणारा वेळ जवळजवळ तेवढाच, किंचित जास्तच. एवढं जवळ जाऊनही पाव सेकंद सुटत नाही.

जवळ जायचं म्हणजे वारा. चांगल्या फिल्म्स वारा दाखवतात. माणूस पावडरची छोटी बाटली दाबतो आणि ढग कुठे जातो ते पाहतो. सकाळी थंड हवा उतारावरून खाली ओघळते, ऊन तापलं की वर चढायला लागते, मग ज्या वाटेने आला ती वाट त्याला सोडावी लागते. हे नीट दाखवलं की पुढे जनावर मान वर करून पळालं तरी आपण फसलो असं वाटत नाही, कारण का पळालं ते आपल्याला माहीत असतं.

कॅलिफोर्नियातला इशी हा 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस १९११ मध्ये जगासमोर आला आणि १९१६ मध्ये गेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडूनच धनुष्य बनवायला आणि शिकार करायला शिकले, आणि तिकडच्या आजच्या धनुष्यशिकारीची मुळं तिथवर जातात. लाकडी धनुष्याच्या फिल्म्समध्ये ती परंपरा अजून दिसते. माणूस कमी बोलतो, जास्त ऐकतो.

ऐकण्याचं महत्त्व नागपूरच्या माणसाला खरं तर सांगावं लागू नये. पेंचला गेलेला प्रत्येक जण हे जाणतो. गाइड जिप्सी बंद करायला सांगतो, बोट वर करतो आणि सगळे गप्प होतात. लांबून चितळाचा धोक्याचा कॉल, मग वरून वानराचा, मग सांबराचा तो एकच ठणका. वाघ दिसायच्या अर्धा तास आधी ऐकू आलेला असतो. मारुती चितमपल्लींनी आपल्याला जंगल वाचायला दिलं त्यातही कानाचा वाटा केवढा मोठा आहे! अशा वेळी जिप्सीत कोणी गाणं लावलं तर आपण त्याला उतरवू. मग फिल्ममध्ये का चालवून घ्यायचं?

बाण लागल्यानंतरचा भाग हा माझा दुसरा निकष. पण त्यावर थोडक्यातच लिहितो, कारण पाहताना मलाही जड जातं. जबाबदार शिकारी बाण लागल्यावर लगेच धावत नाही. अर्धा तास, कधी त्याहून जास्त थांबतो, मग रक्ताचा माग काढतो. ज्या फिल्ममध्ये "धाड" झाल्यावर थेट शिंगं धरून हसणारा माणूस येतो, तिथे मधलं काहीतरी माझ्यापासून लपवलं असं मला वाटतं. एका फिल्ममध्ये माग हरवला. दोन माणसं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुडघ्यांवर बसून पानं उलटत होती, जनावर सापडलं नाही, आणि त्यांनी ते फिल्ममध्ये तसंच ठेवलं. त्यातल्या बाण सोडणाऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. पाहायला आनंद झाला असं म्हणणार नाही, पण त्यानंतर त्या मंडळींच्या सगळ्या फिल्म्स मी शोधून पाहिल्या.

आमच्या घरी या प्रकाराला विरोध होता. सौ. पहिल्या महिन्यातच म्हणाली होती, "अहो, जनावरं मारताना पाहण्यात काय सुख आहे तुम्हाला?" आणि उठून आत गेली. मी उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा मी संथ गतीतला बाण तीनदा पाहत होतो आणि तिचं बरोबर होतं. जूनमध्ये मी तिला हेडफोन दिले आणि एल्कचीच एक दुसरी फिल्म लावली, ज्यात सहा दिवस फिरून शेवटी माणूस बाण न सोडताच डोंगर उतरतो. तिने शेवटपर्यंत पाहिली. मग हेडफोन काढून म्हणाली, "याच्यात जंगल ऐकू येऊन राहिलं."

आता पैशाचं. ६१ पैकी पुन्हा पाहाव्यात अशा १४ निघाल्या. २,९९९ भागिले १४, म्हणजे २१४ रुपयांना एक. मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाएवढे. चौदाही फिल्म्समध्ये एक गोष्ट समान आहे, बाण सुटण्याच्या आधी आणि नंतर कोणीही काही वाजवत नाही. कोणाला वर्गणी घ्यायची असेल तर कोणतीही फिल्म लावून आधी बाण सुटण्याची जागा शोधा आणि हेडफोनवर ऐका. "टक्" आणि "धप्" यांच्यामध्ये रिकामी जागा नसेल तर पुढची लावा.

चारचे तीन तारे केले आहेत. आपोआप नूतनीकरण बंद केलं, पैसे कापायच्या आधी मला विचारावं लागेल. दिवाळीपर्यंत आवाजाचा पर्याय आला तर स्वतःहून भरेन, नाही तर ती चौदाची यादी उतरवून ठेवली आहेच, वर्गणी संपायच्या आत सगळ्या एकदा पाहून होतील. टीव्हीचे स्पीकर अजून बसवलेले नाहीत. मागच्या आठवड्यात सीताबर्डीवरून एका भोकात दोन हेडफोन लावायची पिन १२० रुपयांना आणली. पाऊस लागल्यापासून कूलर बंद आहे, आणि रात्री साडेनऊला दुसरी खुर्ची सौ. स्वतः ओढून घेते.