सिग्नल नसलेल्या मुलखात आपोआप बंद होणारी गाडी: नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी 2024 च्या दसऱ्याला घरी आली. पेट्रोल, हाताचे गिअर, लहान इंजिन. गाडी उभी करून न्यूट्रल केली आणि क्लचवरचा पाय काढला की इंजिन बंद, क्लच दाबला की सुरू. या यंत्रणेला स्टार्ट-स्टॉप म्हणतात. शोरूममधल्या पोराने चावी देताना एवढंच सांगितलं, "मायलेज वाढते सर." बॅटरीबद्दल एक शब्दही नाही. त्याकडे पुढे येतो, कारण माझं सगळ्यात जास्त बोलणं त्याचंच आहे.

आज मीटर बारा हजारांच्या वर गेलं आहे. माझं घर दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात, दुकान दारव्ह्यात, वावर घरापासून चार किलोमीटरवर, आणि महिन्यातून एकदा बाबांना तपासणीसाठी वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दवाखान्यात न्यायचं असतं, म्हणजे यवतमाळ, कळंब, देवळी करत. या रोजच्या फिरण्यात सिग्नल एकही नाही. यवतमाळात लागतात तेवढेच. मग ही यंत्रणा आमच्यासारख्याच्या काय कामाची, हे मला स्वतःला समजून घ्यायचं होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवत आलो.

गावात हे समजावून सांगायला वेळ लागला नाही. हीरोची स्प्लेंडर आयस्मार्ट 2014 मध्ये आली तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना न्यूट्रलवर काही सेकंदांत बंद होणारी गाडी माहीत आहे. शेजारचा म्हणाला, "हे तं आपल्या आयस्मार्टसारखंच हाय ना भाऊ." तसंच आहे. फरक एवढाच की मोटरसायकलला एसी नसतो, आणि सगळा त्रास एसीपासूनच सुरू होतो.

आधी पेट्रोल. उभ्या गाडीचं लहान पेट्रोल इंजिन चालूच ठेवलं तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जळतं, एसी चालू असला की वरच्या बाजूला. कंपनी जे मायलेज छापते ते ठरलेल्या चाचणीतलं असतं. तिच्या शहरी भागात 195 सेकंदांचा एक फेरा चार वेळा होतो आणि प्रत्येक फेऱ्यात गाडी जवळपास 60 सेकंद नुसती उभी असते. तिसरा हिस्सा वेळ उभी राहणारी गाडी बंद पडली तर कागदावर फरक दिसणारच. माझ्या रोजच्या 22 किलोमीटरांत मी दोन मिनिटंसुद्धा उभा नसतो. छापलेलं मायलेज आमच्या रस्त्यावर का येत नाही, याचं एक कारण हे आहे, आणि शोरूममध्ये ते सांगायला हवं होतं.

माझ्या गाडीच्या पडद्यावर इंजिन आजवर किती वेळ असं बंद राहिलं ते दिसतं. नऊ महिन्यांचे चौदा तास भरले. म्हणजे अंदाजे दहा लिटर, आजच्या भावाने हजार रुपयांच्या थोडं वर. वाईट नाही. पण वही काढून पाहिलं तर त्यातले नऊ तास अशा जागी गेले जिथे मी तसाही हाताने चावी फिरवून गाडी बंद केली असती. सासुरवाडीच्या वाटेवर मुंबई-नागपूर लाईनचं फाटक लागतं, तिथे एक मालगाडी गेली की दुसरी येईपर्यंत फाटक उघडत नाही. नोव्हेंबरपासून जिनिंगसमोर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर येते, तिथे अर्धा तास सहज जातो. अशा ठिकाणी आमच्याकडे बहुतेक सगळेच गाडी बंद करतात. म्हणजे यंत्रणेने स्वतः वाचवलेलं पेट्रोल उरलेल्या पाच तासांचं, साडेतीन लिटर. एवढ्यासाठी कोणी हिच्या नादाने जास्त पैसे मोजून वरचं मॉडेल घेत असेल तर घेऊ नका.

तरी एका जागी ती मला मनापासून आवडते. सकाळी लेकीला शाळेत सोडतो. फाटकासमोर गाड्या, ऑटो, स्कूल व्हॅन अशी गर्दी, आणि पोरं गाड्यांच्या मधूनच निघतात. पहिलीतल्या पोराची उंची किती, तर त्याचं नाक बरोबर सायलेन्सरच्या धुरात येतं. तिथे मिनिट-दीड मिनिटासाठी कोणीच चावी फिरवत नाही, मीही आधीच्या गाडीत कधी फिरवली नाही. आता गाडी आपणहून गप्प होते. वहीत त्याचे पैसे लिहिता येत नाहीत, पण रोज सकाळी ते जाणवतं.

आता उन्हाळा. विदर्भाचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. पारा 45 वर, सावंगीहून परत येताना दुपारचे दोन, बाबा शेजारच्या सीटवर. वय 74, उन्हाने जीव घाबरा होतो म्हणून एसी पूर्ण. एका ठिकाणी पुलाचं काम चालू होतं, एकेरी वाहतूक, आमची बाजू थांबवलेली. मी सवयीने न्यूट्रल करून पाय काढला. इंजिन थांबलं, त्याबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबला, कारण तो इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. पंखा चालू राहतो, पण तो अर्ध्या मिनिटात गरम हवा फेकायला लागतो.

"काहून रे, पेट्रोल सरलं का?"

"नाही बाबा, आपोआप बंद होते हे."

"मंग एसी काहून बंद केला?"

मिनिटभरात आतलं तापमान वाढलं म्हणून गाडी परत सुरू झाली, ते तिच्यात बसवलेलंच आहे. पण तेवढ्या वेळात बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले होते आणि त्यांनी टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली होती. त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत मी गाडी सुरू केली की आधी ती यंत्रणा बंद करण्याचं बटण दाबायचो, मग सीटबेल्ट लावायचो. खरं सांगायचं तर भर उन्हात, आतली हवा थंड होईपर्यंत, यंत्रणा स्वतःच इंजिन बंद करायला नकार देते. थंडीत सकाळी इंजिन गरम होईपर्यंतही तेच. पण लांबच्या प्रवासात आत थंड झालेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच ती फसवते.

बटणाबद्दल माझी तक्रार आहे. चावी फिरवली की यंत्रणा दर वेळी पुन्हा चालू होते, आदल्या दिवशी मी बंद केली होती हे गाडी लक्षात ठेवत नाही. दुकानातून घरी, घरून वावरात, दिवसातून सहा वेळा तेच बटण. अमेरिकेतही याच यंत्रणेवर लोकांचा राग आहे. मे 2025 मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी कंपन्यांना यासाठी मिळणाऱ्या सवलतीवर जाहीर टीका केली होती. त्यांची कटकट लाल दिव्याची. आमची गुरांची. संध्याकाळी गुरं घरी येण्याच्या वेळी कळप रस्त्यावर आला की थांबायचं, दोन गाई सरकल्या की निघायचं, परत थांबायचं. पुन्हा बंद होण्याआधी गाडीला थोडा वेग घ्यावा लागतो, त्यामुळे अगदी पावलापावलावर ती बंद होत नाही, पण आठ-दहा वेळा तरी होतेच. यावर उपाय म्हणजे पहिला गिअर टाकून क्लच दाबून ठेवणे, मग इंजिन बंद होत नाही. मी काही दिवस तसंच केलं. मिस्त्रीने ऐकलं आणि हात जोडले, "क्लचवर पाय ठेवून राहू नका भाऊ, बेअरिंग जाते." त्याचं बरोबर आहे. बटणच दाबा.

मिस्त्रीला मी स्टार्टरचंही विचारलं, कारण सगळ्यांना पहिली भीती तीच वाटते. अशा गाड्यांना स्टार्टर वेगळ्या ताकदीचा देतात, तो घडलेलाच जास्त वेळा फिरण्यासाठी असतो. माझ्या गाडीत नऊ महिन्यांत काही कुरकुर नाही. उलट एक फायदा झाला. चढावर चुकून गाडी बंद पडली तर चावीला हात लावावा लागत नाही, क्लच पूर्ण दाबला की लगेच सुरू होते. बायको नवीन शिकलेली आहे, तिला याचा फार धीर वाटतो.

बॅटरीचं मात्र नीट वाचा.

फेब्रुवारीत मामेभावाच्या लग्नाला लहान भाऊ गाडी घेऊन गेला. मंडपासमोर जागा मिळाली, न्यूट्रल करून हँडब्रेक ओढला, इंजिन गप्प झालं. त्याला वाटलं गाडी बंद झाली. बेल्ट काढून उतरला. अशा वेळी गाडी पीं-पीं करून सांगते की चावी अजून चालूच आहे, पण समोर डीजे, कुठे ऐकू येणार. दोन तासांनी आला तर मीटरवरचे दिवे मंद, आणि स्टार्टर फिरेना. चार पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला तेव्हा सुरू झाली. पुढचे पाच दिवस यंत्रणेने एकदाही इंजिन बंद केलं नाही. बॅटरीत पुरेसा जोर नसला की ती स्वतःला आवरते. मी मुद्दाम यवतमाळला जाऊन आलो तेव्हा कुठे पूर्ववत झाली. वावर ते घर अशा चार किलोमीटरच्या फेऱ्यांनी बॅटरी भरत नाही, हेही त्यात कळलं. ज्याची गाडी नुसती गावातल्या गावात फिरते त्याच्यासाठी ही यंत्रणा अर्ध्या वेळा झोपलेलीच राहणार.

त्या निमित्ताने तालुक्यात बॅटरीच्या दुकानात गेलो. अशा गाडीत साधी बॅटरी नसते, ईएफबी नावाची जाड प्लेटांची असते, महाग गाड्यांत एजीएम. दिवसातून वीस वेळा स्टार्टर फिरवायचा आणि मधल्या वेळात दिवे, पंखा, गाणी स्वतःच्या जोरावर चालवायची, हे साध्या बॅटरीला झेपत नाही. मला सांगितलेल्या भावात साधी आणि ईएफबी यांत अडीच हजारांचा फरक होता. दुकानदार प्रेमाने म्हणाला, "कायले महागाची घेता, साधी बसवून देतो, मापात बसते." बसते, हे खरं. आमच्या ओळखीत एकाने तीच बसवली, यंत्रणाही चालूच ठेवली, आठ महिन्यांत बॅटरी गेली. शिवाय ईएफबी त्या दुकानात ठेवतच नाहीत, यवतमाळहून मागवावी लागते, दोन दिवस लागतात. शहरातल्या माणसाला फोन केला की घरी बॅटरी मिळते. आमच्याकडे बाबांच्या तपासणीच्या आदल्या रात्री ती बसली तर काय करायचं, हा प्रश्न मला विकत घेताना कोणी विचारू दिला नाही.

मग हिशोब असा होतो. वर्षाला यंत्रणेचं स्वतःचं पेट्रोल जेमतेम पाचशे रुपयांचं. आमच्या उन्हात बॅटरी तीन-साडेतीन वर्षं टिकली तरी पुष्कळ. म्हणजे दीड-पावणेदोन हजार वाचतात आणि बॅटरीला अडीच हजार जास्त लागतात. पुण्या-नागपुरात रोज तासभर सिग्नलवर काढणाऱ्याचा हिशोब वेगळा येईल, त्याने माझ्यावरून ठरवू नये.

काही जण वायरीत एक छोटं यंत्र बसवून ही यंत्रणा कायमची बंद ठेवतात. मी विचारलं होतं, पण वॉरंटी जाईल म्हणून हात लावला नाही. शाळेचं फाटकही आठवलं. सध्या माझी पद्धत ठरली आहे: शाळा, रेल्वे फाटक आणि यवतमाळ गावात चालू, उन्हाळ्यात आणि बाबा सोबत असले की बंद, वावराच्या वाटेवर बंद.

आणि भावाला दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. गाडी गप्प झाली तरी चावी हातात आल्याशिवाय दार उघडायचं नाही. दुसरी, मी नसताना बॅटरी बदलायची वेळ आली तर बोनेट उघडून आधी वाचायचं. तिथे बॅटरीच्या झाकणावर मी पांढऱ्या पट्टीवर पक्क्या शाईने लिहून चिकटवलं आहे: "ईएफबीच. साधी बसवू नये." खाली यवतमाळच्या दुकानाचा नंबर आहे.