मोठ्या संख्येची कुंडली मांडणारं ॲप : पंधरा अंकांपर्यंत बिनधास्त वापरा

आठवीच्या वर्गाला मूळ अवयव शिकवताना फळ्यावर तेच ते १२० नि ३६० लिहून मुलंही कंटाळतात, मीही. म्हणून महिन्यापूर्वी एक मोफत ॲप फोनवर घेतलं. पूर्ण संख्या टाकायची, की ती कुठल्या कुठल्या प्रकारात मोडते ते समोर येतं. जाहिराती नाहीत, इंटरनेट लागत नाही.

पहिल्यांदा टाकली ३३५५०३३६. अवयव आले २ चा १२ वा घात गुणिले ८१९१. खाली सम, संयुक्त, त्रिकोणी (१ + २ + ३… अशा बेरजेतून येणारी), परिपूर्ण (स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज पुन्हा तीच येते अशी). ‘परिपूर्ण’वर बोट ठेवलं की ती संख्या सोडून उरलेले सगळे २५ विभाजक उलगडतात. या ॲपची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच, नुसता शिक्का मारून ते थांबत नाही. मी वही घेऊन बसले. १, २, ४ करत ४०९६ पर्यंतच्या तेरा विभाजकांची बेरीज नेमकी ८१९१. उरलेले बारा ८१९१ च्या पटीतले, त्यांची ३,३५,४२,१४५. दोन्ही मिळवल्या आणि पुन्हा ३,३५,५०,३३६! उत्तर ठाऊक असूनही अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाने त्या संख्येच्या अंकांची बेरीज केली. २८. “बाई, २८ पण परिपूर्णच की!” खरंच आहे. दर वेळी असं होत नाही, ४९६ ही पण परिपूर्ण, पण तिच्या अंकांची बेरीज १९ येते, हे त्यानेच नंतर ॲपवर तपासून सांगितलं. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. मी ९००७१९९२५४७४०९९३ टाकली. पडद्यावर शेवटचा अंक ३ चा २ झाला आणि खाली उत्तर आलं : सम, २ चा ५३ वा घात. टाकलेली संख्या विषम, तिला ३ ने भाग जातो, आणि ॲप तिच्या शेजारणीची माहिती देत होतं! कारण ओळखीचं आहे. संख्या दशांश अपूर्णांकांसाठीच्या साच्यात साठवली, तर ५३ बिटांपलीकडे, म्हणजे २ च्या ५३ व्या घातापुढे, शेवटचे अंक जवळच्या संख्येकडे सरकतात. हा घात सोळा अंकी आहे, म्हणून पंधरा अंकांपर्यंत धोका नाही. मोजमापात तेवढा फरक चालून जातो. इथे एकाने चुकलं की संख्याच दुसरी. निदान ‘एवढी मोठी संख्या झेपत नाही’ असं तरी सांगायला हवं होतं. मूल त्यावर विश्वास ठेवतं.

आणखी एक. ६१७४ टाकली तर ‘निवेन संख्या’, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी, असं दिसतं. अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४, म्हणजे प्रकार बरोबर आहे. पण या संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी दिलं. ६१७४ ही तर त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी संख्या. तिच्यापुढे तरी ‘हर्षद’ लिहायला हवं. कापरेकर शाळेत शिकवायचे, म्हणून मला हे जास्तच लागलं.

पाचपैकी तीन तारे. दोन्ही गोष्टी बनवणाऱ्यांना कळवल्या आहेत. शेवटचा अंक सुधारला की चौथा तारा मी स्वतः येऊन देईन. तोवर वर्गात हे ॲप उघडण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात मी ‘१५ अंक’ लिहून ठेवते.