10 फुटांचं एक आणि साडेसहा फुटांचं एक शटर: अमळनेरच्या घरातल्या गॅरेजचा वापरानंतरचा अनुभव

घर अमळनेरला, गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वास्तुशांत झाली. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता कापूस घरात आहे. म्हणजे खान्देशात गॅरेजवर जे जे येऊ शकतं ते बहुतेक सगळं येऊन गेलंय. बांधकाम चालू असताना दाराच्या मापावरून घरात बराच खल झाला होता. ज्यांचं काम अजून प्लिंथपर्यंतच (जोत्यापर्यंतच) आलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मापं सांगतो. गॅरेज आतून 20 बाय 20 फूट, तोंड पश्चिमेला. पुढच्या भिंतीत दोन शटर: डावीकडे 10 फूट रुंद, उजवीकडे साडेसहा फूट, मधे दीड फुटाचा पिलर आणि दोन्ही टोकांना एकेक फूट भिंत. उंची दोन्हींची 8 फूट. समोर 10 फुटांचं मार्जिन, म्हणजे प्लॉटमधली मोकळी सोडलेली जागा, त्यापुढे 30 फुटांचा रस्ता. गाडी बोलेरो, शिवाय एक मोटरसायकल आणि एक इलेक्ट्रिक स्कूटर.

इंजिनिअरच्या पहिल्या नकाशात 8 बाय 7 चं एकच शटर होतं. कागदावर त्यात खोट नव्हती. बोलेरोची रुंदी 1745 मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा फूट. उंची 1880, म्हणजे सव्वासहाच्या आत. आठ फुटांत ती जाते. पण कंपनी देते त्या रुंदीत आरसे धरलेले नसतात. ते उघडे असले की दोन्ही बाजूंनी जेमतेम वीत-दीड वीत उरते, आणि गाडी रोज सरळ रेषेत थोडीच येते? शटरवाला माप घ्यायला आला तेव्हा नकाशा बघून एवढंच म्हणाला, "भाऊ, गाडी त मझार जाई, पन मानूस बाहेर कसा निंघी?"

खरा मुद्दा तोच निघाला. आमची माय पुढच्या सीटवर, डाव्या बाजूला बसते. गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीचं दार पूर्ण उघडून, एक हात दाराला धरून, आधी दोन्ही पाय बाहेर काढून मगच तिला उठता येतं. त्याला भिंतीपासून चार फूट तरी मोकळी जागा लागते. दार आठ फुटांचं असतं तर गाडी त्याच्या मधोमधच घालावी लागली असती आणि डावीकडे सव्वादोन फूटही उरले नसते. दहा फुटांमुळे मी गाडी पिलरच्या बाजूने दाबून आत घेतो. डावीकडे साडेचार फूट सुटतात. माझं दार उजवीकडे, पिलरच्या मागे उघडतं. पिलर भिंतीइतकाच, नऊ इंच जाड, आणि आत मधली भिंत नाही, त्यामुळे अडचण येत नाही. दार रुंद ठेवायचं ते गाडी आत गेल्यावर कुठे उभी करायची हे आपल्या हातात राहावं म्हणून. नुसती घुसवायची तर आठ फूटही चालतात.

बांधकामाचे नियम एका गाडीच्या पार्किंगसाठी 2.5 बाय 5 मीटर जागा धरतात, म्हणजे साधारण सव्वाआठ बाय साडेसोळा फूट. ते माप इमारतीखालच्या उघड्या पार्किंगला ठीक. दोन्हीकडे भिंती आल्या की त्यावर विसंबू नका.

रस्त्याचं गणितही आधी करून घ्या. कागदावर 30 फूट रस्ता अधिक 10 फूट मार्जिन म्हणजे वळायला भरपूर जागा. प्रत्यक्षात समोरच्या घरापुढे ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते आणि आपल्याला वीस-बावीस फूट मिळतात. गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतल्या बाजूने कापत येतात, त्यामुळे तोंड आत गेलं तरी मागचा पत्रा दाराच्या कडेला घासायची भीती राहते. आम्ही लाइन आउटच्या, म्हणजे पायाची आखणी करायच्या, दिवशीच चुन्याची फक्की मारून दोन्ही दारं जमिनीवर आखली, पिलरच्या जागी रिकामे ड्रम ठेवले, चार विटांवर चार विटा रचून कडा केल्या आणि गाडी आत-बाहेर करून पाहिली. समोरची ट्रॉली मुद्दाम हलवू दिली नाही. आठ फुटांना एका झटक्यात गाडी लागेना, मागेपुढे करावी लागायची. नऊला जमलं, पण काचेतून मान बाहेर काढून. दहाला मोठ्या पोरानेही, ज्याचा हात अजून बसलेला नाही, सहज घातली. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च शून्य. पिलरची सळई उभी राहण्याआधी हे कराच.

आता 16 फुटांचं एकच शटर का नाही? शालक हाच प्रश्न दर भेटीत विचारतो. दिसायला ते भारी दिसतं आणि दोन गाड्या एका दारातून जातात हे खरं. पण 16 बाय 8 म्हणजे 128 चौरस फूट पत्रा. आमच्या शटरवाल्याचा हिशोब असा की शंभर चौरस फुटांच्या वर हाताने ओढायचं नावच काढायचं नाही. तिथे गिअर किंवा मोटर. दारावरचा बीमही जास्त खोल घ्यावा लागतो. आणि वैशाखातलं वावधन, म्हणजे वादळ. रुंद शटरवर वाऱ्याचा दाब आला की मधल्या पट्ट्या पोटाला फुगतात आणि टोकं चॅनलमधून, म्हणजे बाजूच्या खाचेतून, सुटायला बघतात. आमच्याच लेआउटमध्ये एका घरी पावसाळ्याच्या तोंडावर तसं झालं, गाडी दोन दिवस आतच अडकली. ते लावणाऱ्याने पट्ट्यांच्या टोकांना विंड लॉक, म्हणजे टोकं चॅनलमध्ये अडकवून ठेवणारे तुकडे, दिलेच नव्हते. आमचं 10 फुटांचं शटर त्याच वादळात रात्रभर खडखडलं, झोप उडाली, पण जागचं हललं नाही.

सव्वाआठ-सव्वाआठची दोन सारखी शटरंही बसत होती. पुढे दुसरी गाडी घेणार असाल तर तेच करा, कारण साडेसहा फुटांतून रोज गाडी काढायची म्हणजे कसरत. आमच्याकडे दुसऱ्या गाडीचं नाव सध्या निघत नाही, कापसाचं मात्र दरवर्षी निघतं.

हे लहान शटर माझ्या अंदाजापेक्षा जास्त कामाचं ठरलं. दुचाक्या त्यातूनच येतात-जातात, मोठं शटर दिवसातून दोनदा उघडलं तर उघडलं. दसऱ्यानंतर उजव्या बाजूला कापूस भरला. पिलरच्या रेषेत प्लायवूडचा आडोसा केला, साडेसात फूट रुंदीची खोलीच झाली म्हणा. छोटा हत्ती 1500 मिलिमीटर रुंद, साधारण पाच फूट. तो रिव्हर्समध्ये थेट उंबऱ्याला लागतो आणि माल डोक्यावरून न नेता सरळ चढतो. चढ्या भावासाठी थांबायचं तर माल पावसापासून आणि नजरेपासून आत हवा, तो आहे. फक्त कापूस आणि वीज शेजारी नको. स्कूटरच्या चार्जिंगचा 16 अँपिअरचा पॉइंट आणि मोटरचा बोर्ड दोन्ही डाव्या भिंतीला घेतलेत, आणि लांबून आलेली तापलेली गाडी थोडा वेळ बाहेर ठेवूनच आत घेतो.

मोटर फक्त मोठ्या शटरला आहे. रिमोटचं कौतुक पहिला महिनाभर. मग कळतं की आपल्याकडे वादळ आलं की आधी लाइट जाते, म्हणजे नेमकं गाडी आत घालायची घाई असते तेव्हाच मोटर मुकी. हाताने फिरवायची चेन असते, पण ती आतल्या बाजूला. बाहेर भिजत उभा असलेला माणूस ती ओढणार कुठून? लहान शटर हाताचं ठेवल्यामुळे मी तिथून शिरतो आणि पिलरच्या आतून लटकणारी चेन ओढतो. ज्यांना एकच मोटरचं शटर लावायचंय त्यांनी गॅरेजला बाजूचं एक साधं दार ठेवल्याशिवाय तो विचारही करू नये.

उंचीबद्दल. सात फुटांत बोलेरो जाते, वर दहा इंच उरतात. पण गडावर जायचं म्हणून कॅरिअरवर सामान बांधलं की ते दहा इंच संपतात. शिवाय उतार चढून गाडी उंबऱ्यावर येते तेव्हा तिचं तोंड वर असतं, सपाट जमिनीवर मोजलेली उंची तिथे खरी राहत नाही. म्हणून आठ. शटर वर गेल्यावर त्याचा रोल होतो, त्याला लिंटेलच्या, म्हणजे दारावरच्या बीमच्या, वर दीड फूट तरी जागा लागते. ती नसेल तर रोल दारातच खाली लोंबतो आणि आठाचे साडेसहा होतात. आमच्याकडे जागा आपोआप मिळाली. घराची प्लिंथ रस्त्यापासून अडीच फूट, पण गॅरेजची फरशी आम्ही फक्त नऊ इंच वर घेतली. स्लॅब एकाच पातळीत, त्यामुळे गॅरेजला घरापेक्षा पावणेदोन फूट उंची जास्त मिळाली. घरात जायला सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या, मायसाठी भिंतीला दांडा. मागच्या भिंतीला माळाही निघाला.

फरशी खाली घेण्याचं खरं कारण मात्र उतार. दहा फुटांच्या मार्जिनमध्ये नऊ इंच चढायचे म्हणजे साधारण एकास तेरा. प्लिंथच्या पातळीला गॅरेज घेतलं असतं तर अडीच फूट चढ, म्हणजे एकास चार. गाडीचं पोट रोज घासलं असतं. नऊ इंच कमी वाटतात, आणि रस्त्यावर दर खेपेला नवा थर पडला की ते आणखी कमी होणार आहेत, याची मला धाकधूक आहेच. फरशीला बाहेरच्या बाजूने उतार आणि दारापुढे जाळीची नाली आहे. यंदाच्या पावसात पाणी आत आलं नाही.

पश्चिमेचं ऊन हा वेगळा विषय. मे महिन्यात दुपारी तीननंतर पत्र्याला हात लावला की चटका बसतो आणि आतली हवा संध्याकाळपर्यंत भट्टी. आम्ही वरच्या दोन फुटांना जाळीच्या पट्ट्या घेतल्या, मागच्या भिंतीला व्हेंटिलेटर ठेवला. हवा खेळते, फरक पडतो. पण त्याच जाळीतून उन्हाळ्यात धूळ येते आणि आषाढात पावसाची झड. वर दोन फुटांचा छज्जा आहे, तो कमी पडतो. तीन हवा होता असं आता वाटतं. पूर्वेला तोंड काढता येत असेल तर हा सगळा ताप वाचतो.

पत्रा 18 गेजचा घेतला. आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे माहीत नसलेला माणूस 20 चा भाव ऐकून खूश होतो. बिलाचंही आधी विचारून घ्या: उंची मोजताना रोलचा भागही धरतात, त्यामुळे आपल्या डोक्यातले 80 चौरस फूट बिलात 80 राहत नाहीत. आणि चॅनल भिंतीच्या आतल्या तोंडावर बसवायला लावा. आमचा कारागीर ते दाराच्या मापाच्या आत ठोकणार होता, म्हणजे दोन्हीकडून तीन-तीन इंच गेले असते. आधी ड्रिल हातातून घेतलं, मग बोललो.

तक्रार म्हणाल तर खालच्या रबराची. उंदरांनी दोन महिन्यांत कोपरे कुरतडले, आणि कापूस असलेल्या घरात उंदीर म्हणजे साधी गोष्ट नाही. दुकानदार "मेंटेनन्स काहीच नाही" म्हणाला होता. प्रत्यक्षात चॅनलमधली धूळ दर पंधरवड्याला ब्रशने काढावी लागते. चॅनलला ग्रीस लावू नका, आपल्या धुळीत त्याचा लगदा होतो.

श्रावणात कानबाईच्या उत्सवाला भाऊबंदकी जमली तेव्हा दोन्ही शटर वर करून रोटाची पंगत गॅरेजमध्येच बसवली. तेव्हा मधला पिलर सगळ्यांना खुपला. वाढणारा प्रत्येक जण त्याला वळसा घालत होता आणि शालकाने 16 फुटांचं पुन्हा एकदा ऐकवलं. त्या एका दिवसापुरता तो बरोबर होता.

त्याचं स्वतःचं बांधकाम धुळ्याला चालू आहे, समोर रस्ता फक्त 20 फुटांचा. त्याला मी 11 फुटांचं शटर सांगितलंय, फक्की मारून गाडी फिरवायलाही लावली आणि रुंदी त्याला पटली. लिंटेलचं सेंट्रिंग पुढच्या आठवड्यात आहे. लिंटेल आठ फूट उंचीवर घ्यायला त्याचा इंजिनिअर अजून तयार नाही.