चित्रांचं ई-बुक: वाहता मजकूर की पक्की पानं?

चित्रांनी भरलेलं पुस्तक स्वतः ऑनलाइन प्रकाशित करताना पुष्कळ जण डोळे झाकून फिक्स्ड लेआउट, म्हणजे पक्क्या मांडणीची पानं, निवडतात, कारण छापील पानाची मांडणी त्यांना जशीच्या तशी हवी असते. माझ्या मते बहुतेक पुस्तकांचं त्याने नुकसानच होतं.

आधी एक तपासा: चित्र दोन परिच्छेद मागेपुढे सरकलं तर अर्थ बिघडतो का? विणकाम, बागकाम, प्रवासवर्णन यांत सहसा बिघडत नाही. मग रिफ्लोएबल ईपबच, म्हणजे वाहत्या मजकुराची ई-बुक फाइलच करा. वाचकाला अक्षर मोठं करता येतं आणि मजकूर पडद्याप्रमाणे जुळवून घेतो. खरी डोकेदुखी चित्राखालच्या ओळीची: चित्र एका पानाच्या तळाशी आणि ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटीच. ई-बुकच्या कोडमध्ये दोन्ही एकाच फिगर टॅगमध्ये ठेवा आणि तो तुकडा मध्येच तुटू नये असं सीएसएसमध्ये (मांडणीचे नियम लिहायच्या भाषेत) सांगा. सगळी वाचन-अ‍ॅप हे पाळत नाहीत, तरी फरक पडतो. चित्राची रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत द्या.

कॉमिक्स आणि लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत मजकूर चित्राच्या आतच बसलेला असतो. तिथे फिक्स्ड लेआउटला पर्याय नाही. पण पान लहान पडद्यासाठीच आखा. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद, फोन साधारण ७. म्हणजे ११ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटच्याही खाली जातं. शिवाय मजकूर चित्रात भाजून टाकू नका, वेगळा थर ठेवा. नाहीतर शोध चालत नाही आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला पुस्तक मुकंच राहतं.

पीडीएफ स्वतःच्या साइटवरून विकायला किंवा वाचकाने छापून घ्यायच्या तक्त्यांना ठीक. फोनवर वाचायला मात्र ती त्रासदायकच.

आता पैशांचं. अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकी दुकानात ७० टक्के रॉयल्टी (विक्रीतला लेखकाचा वाटा) घेतली तर दर एमबीमागे १५ सेंट डिलिव्हरी खर्च कापला जातो. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो नाही. ६.९९ डॉलरचं पुस्तक २० एमबीचं असेल तर ३ डॉलर वजा होऊन उरलेल्या ३.९९ चे ७० टक्के, म्हणजे सुमारे २.७९ हातात येतात, ३५ टक्क्यांत सुमारे २.४५. हा खर्च किमतीच्या निम्म्यावर गेला, इथे साधारण २३ एमबीपुढे, की ३५ टक्केच फायद्याचे ठरतात. त्याआधी फाइल हलकी करून पाहा. फोटो जेपेगमध्ये आणि रेषाचित्रं पीएनजीमध्ये ठेवा. फोटो पीएनजीत ठेवले की फाइल विनाकारण फुगते.

नकाशे किंवा आलेख असतील तर रंगावर सगळी भिस्त ठेवू नका. काळ्या-पांढऱ्या ई-इंक पडद्यावर लाल आणि हिरवी रेघ जवळजवळ एकाच राखाडी छटेत दिसू शकते. एक रेघ सलग काढा, दुसरी तुटक.