सीन ओलांडायची: तांकारव्हील की नॉर्मंडी?

फ्रान्समध्ये सीन नदी समुद्राला मिळते तिथे ल हाव्र बंदराच्या परिसरात दोन मोठे पूल आहेत. टोल दोन्हींवर आहे, पण नॉर्मंडी पुलाचा जास्त.

तांकारव्हील १९५९चा झुलता पूल. मधला गाळा ६०८ मीटरचा. ल हाव्रहून ए१३१ महामार्गाने इकडे यायचं तर वाटेत गाँफ्रव्हीलचा तेलशुद्धीकरण कारखाना, टाक्या, चिमण्या, नळांची जाळी. खिडकी खाली असेल तर वासही येतो. सुंदर म्हणवत नाही, पण बंदर कशावर जगतं ते इथे दिसतं. पॅरिसला जायचं असेल तर मी हाच रस्ता धरेन, कारण पुढे सरळ पॅरिसच्या ए१३ महामार्गाला लागता येतं.

नॉर्मंडी पूल १९९५चा. तिरक्या तारांनी पेललेला, मधला गाळा ८५६ मीटर. उद्घाटनावेळी या प्रकारात जगात सर्वांत लांब. नदीतून आत रुआँ बंदराला जाणारी मोठी जहाजं खालून जावीत म्हणून रस्ता इतका उंच नेलाय की चढताना समोर फक्त आभाळ दिसतं. वारा असेल तर स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं, आणि उंचीची धास्ती असणाऱ्याने शेजारच्याला गाडी द्यावी हे बरं. पायी किंवा सायकलने मात्र फुकट जाता येतं!

नदीपलीकडची ऑनफ्लर, दोव्हील किंवा काँ ही गावं गाठायची असतील तर ल हाव्रहून नॉर्मंडीच. टोल वाचवायला तांकारव्हीलला वळसा घालाल तर वाचलेले पैसे पेट्रोलमध्येच जातील.