आपलं दिव्यांगत्व किंवा आजार ऑफिसात कधी सांगायचं: मुलाखतीत, गरज पडल्यावर की ऑफर लेटर आल्यावर?

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र केसांखाली झाकून जातं, त्यामुळे सांगावं की नाही हे दर नोकरीत मलाच ठरवावं लागलं. तीन नोकऱ्यांत तीन तऱ्हा करून झाल्या.

पहिल्या मुलाखतीत बसल्या बसल्या सांगून टाकलं. मन हलकं झालं, पण त्यानंतर मुलाखत माझ्या कामाची उरली नाही, कानांची झाली. साहेब एकेक शब्द तोडून, मोठ्यांदा बोलायला लागले. एक्सेलचा एकही प्रश्न नाही, ‘घरी कोण कोण असतं’ हे मात्र दोनदा. मग नेहमीचं ‘कळवतो’. नकाराचं कारण कुणी लेखी देत नाही, त्यामुळे भांडायचं तरी कशावरून? तरीही मुलाखतीलाच सोय हवी असेल, म्हणजे रॅम्प, सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा फोनऐवजी व्हिडिओ, तर आधीच सांगण्याला पर्याय नाही. सरकारी भरतीत दिव्यांगांच्या 4 टक्के आरक्षणातून जायचं तर ते अर्जातच येतं.

दुसरीकडे दीड वर्ष गप्प बसले. मीटिंगला सगळ्यांच्या आधी जाऊन खिडकीकडे पाठ करून बसायचं, म्हणजे समोरच्यांच्या तोंडावर उजेड पडतो आणि ओठ दिसतात. कानात बॅटरी संपल्याची टुंगटुंग झाली की बाथरूम गाठायचं, नारिंगी स्टिकरची 13 नंबरची बॅटरी बदलायची आणि पाणी प्यायला गेल्यासारखं परत यायचं. एकदा स्पीकरफोनवर साहेब ‘तेरा तारीख’ म्हणाले, मी ‘तेवीस’ ऐकलं आणि ‘हो हो’ म्हटलं. कामाला दहा दिवस उशीर. तेव्हा खरं सांगितलं, तर ती सबब वाटली. अप्रेझलला शेरा मिळाला, ‘लक्ष देत नाही’. गप्प राहण्याची खरी किंमत ही. चूक होण्याआधी सांगितलं असतं तर ती माहिती ठरली असती.

तिसऱ्या वेळी ऑफर लेटर हातात आल्यावर, रुजू होण्याच्या आठवडाभर आधी एचआरला ईमेल केला. ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, जोडला नाही. मला श्रवणदोष आहे, यंत्र वापरते, ऑनलाइन मीटिंगला कॅप्शन लागतील आणि तोंडी सांगितलेलं काम नंतर चॅटवर एका ओळीत हवं, एवढंच लिहिलं. त्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर समान संधी धोरण शोधलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात कोणत्या सोयी देणार हे लिहायचं असतं, संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. धोरण सापडलं नाही, तर तीही माहितीच.

माझा कौल या तिसऱ्या वाटेला, आणि तोही लेखी. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही की पायरी उतरवता येत नाही, हे थेट संरक्षण कायद्याने सरकारी आस्थापनांपुरतं दिलंय. खासगीत तुमच्या बाजूने बोलायला कागदच लागतो.

पण माझं माप सगळ्यांना बसणार नाही. मानसिक आजार कायद्याच्या 21 प्रकारांत आहे, मधुमेह नाही. तरी मधुमेहाचं सांगणं सोपं जातं आणि नैराश्याचं महागात पडू शकतं. अशा वेळी मैत्रिणीला मी म्हणेन, आजाराचं नाव राहू दे, गरज तेवढी सांग: ‘औषध बदललंय, दोन आठवडे उशिरा येईन.’ एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्यानुसार संमतीशिवाय तुम्हाला सांगायला भाग पाडता येत नाही. उलट, फिट येत असताना बस किंवा क्रेन चालवत असाल, तर गप्प राहणं हा पर्यायच नाही.

जॉइनिंगच्या फॉर्मवर आजाराचा रकाना असतो. विचारलं नाही म्हणून न सांगणं वेगळं, आणि विचारल्यावर ‘नाही’ लिहिणं वेगळं. ते खोटं पुढे सापडलं तर कंपनीला आयतं निमित्त मिळतं. सही करण्याआधी तो कागद नीट वाचा.

पैशाचंही बघा. जुन्या करपद्धतीत 40 टक्के दिव्यांगत्वाला 75 हजारांची आणि 80 टक्क्यांना सव्वा लाखाची वजावट करपात्र उत्पन्नातून मिळते. ती विवरणपत्रात स्वतः घेता येते, ऑफिसला कळायची गरज नाही. महाराष्ट्रातला व्यवसाय कर मात्र पगारातूनच कापला जातो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सवलतीच्या निकषांत बसत असेल आणि ते वर्षाचे 2,500 वाचवायचे असतील, तर पगार काढणाऱ्याला सांगावंच लागतं.

माझ्या ईमेलची शेवटची ओळ होती, ‘ही माहिती टीमलीडपलीकडे जाऊ नये.’ गेलीच. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये एका पोराने विचारलं, ‘मॅडम, ह्याला ब्लूटूथ चालतं का?’

चालतं म्हटलं.